रैनूला हाक

"हा नाही," दसरी म्हणाली आणि तिनं टोपली पाण्यात पालथी केली.

टोपलीत बोटाएवढी कोतरी होती. शेपटीजवळ काळा ठिपका, पोट पांढरंफेक, चांगली जिवंत मासोळी. मी ती नीट पाहिली होती, कारण टोपली माझ्याच हातात होती. दसरीनं ती हिसकावून घेतली आणि मासा आला तसा गेला.

काठावर अख्खं गाव उभं होतं. आमच्या आधी तीन घरांची मेलेली माणसं टोपलीत येऊन वाजतगाजत घरी गेली होती. ढोल वाजवणारे आता थांबले. आमच्या गावचा पुजारी महागू गायता माझ्या शेजारी मांडीएवढ्या पाण्यात उभा होता. त्याच्या हातातला तांदळाचा द्रोण तसाच राहिला.

"दसरी, हे का केलंस?" तो म्हणाला. "टोपलीत पहिला जीव येईल तोच आपला मानूस. हे आता मी तुले शिकवू?"

"माहा लेक मले ओळखू येत नाही? हा नाही."

"मंग पुन्हा टाक टोपली."

"आता नाही. पुढच्या साली पाहू."

एवढं बोलून ती पाण्यातून बाहेर पडली, लुगडं पिळलं आणि कोणाकडे न बघता पायवाटेला लागली. मी तिनं टाकलेली रिकामी टोपली घेऊन पाण्यातच. पलीकडच्या काठावर शेजारच्या हिरडीटोल्याचा लालसाय उभा होता, त्यानं मान खाली घातली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की ती माझी सासू नसती तर तिथंच तिच्या झिंज्या धरल्या असत्या.

आमच्याकडं माणूस मेला की त्याला मातीत ठेवतात, पण तो मातीत राहत नाही. तो पाण्यात जातो आणि तिथं वाट बघतो. मग घरची माणसं येरीवर येतात. येरी म्हणजे आमचा नाला. गोंडीत येर म्हणजे पाणी. सरकारी नकाशात तिला नावसुद्धा नाही. तिच्या वळणावर आजांचा, म्हणजे गेलेल्या वाडवडिलांचा, डोह आहे. तिथं उतरून मेलेल्याच्या नावानं हाक मारायची, "घरी चल" म्हणायचं आणि नवी टोपली पाण्यातून फिरवायची. मासा येवो, झिंगा येवो, खेकडा येवो, जे पहिलं येईल ते आपलं माणूस. त्याला पाण्याच्या भांड्यात घालून घरी न्यायचं, आतल्या खोलीतल्या मडक्यापाशी बसवायचं, भात दाखवायचा. त्यानंतर तो घरचा देव. नव्या पिकाचा पहिला घास त्याचा, लेकराच्या लग्नात पहिला मान त्याचा. आणि त्याची बायको मोकळी. तिला राहायचं तर राहावं, दुसरं घर करायचं तर करावं, कोणी बोट दाखवत नाही. पण तो पाण्यात आहे तोवर ती त्याची.

रैनू, माझा नवरा, तापानं गेला तेव्हा आमची लेक तान्ही होती. या टोपलीच्या दिवसांत ती डोक्यावर छोटी गुंडी घेऊन पाण्याला माझ्यामागं यायची. लालसाय मला येरीवर बांध घालायच्या कामात भेटला. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. माणूस कमी बोलायचा आणि दगड मात्र असा बसवायचा की पाणी त्याला हलवू शकत नसे. त्यानं विचारलं, मी हो म्हटलं. यात आमच्यात लपवाछपवी नसते. दसरीलाही माहीत होतं. ती माझी सासू झाली त्याआधी माझी सख्खी आत्या होती. आत्याच्या घरी भाची द्यायची आमची रीत. मोहाची फुलं वेचायला मला तिनंच शिकवलं, सून म्हणून मागून तिनंच नेलं. "रैनू घरी आला का तू खुशाल जाय," असं ती आपल्या तोंडानं म्हणाली होती. आणि रैनू टोपलीत आला तर म्हणे हा नाही.

त्याला आणायला इतकी वर्षं का लागली, तर डोहच मेला होता. रैनू जायच्या आधीच्या उन्हाळ्यात कोणीतरी त्यात पावडर ओतली. विहिरीत टाकतात ती पांढरी पावडर, मासे मारायला. सकाळी डोहभर पांढरी पोटं तरंगत होती, काल जन्मलेल्या पिल्लांपासून म्हाताऱ्या मरळीपर्यंत. संशय गेला तो रस्त्याच्या कामावर पालं ठोकून राहिलेल्या मजुरांवर. गावानं त्यांना बायकापोरांसकट हाकलून लावलं. त्यात वरचा डोंगर बांबू तोडून तोडून बोडका झालेला. पावसाळ्यात त्याची माती खाली आली, डोह अर्धा बुजला, थंडीत तिथं नुसता चिखल आणि पुढं भेगा. गावात माणसं मरायची थोडीच थांबतात! त्यांना हाक मारायची तर कुठं?

त्याच सुमारास गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. डोंगर आमच्या ग्रामसभेच्या हातात आला. आजूबाजूची गावं बांबू कोणाला विकायचा याच्या गप्पा मारत होती. आमच्या सभेत दसरी उभी राहिली. रैनूला पुरून तिला महिना झाला नव्हता.

"आधी येरी," ती म्हणाली. "आपले मानसं पान्याबिगर ताटकळले हायेत."

आमच्या सभेत हात वर करून मोजत नाहीत. एक जरी नाही म्हणाला तरी ठराव अडतो, आणि सगळे हो म्हणेपर्यंत उठायचं नाही. दसरीनं गावाला तीन दिवस बसवून ठेवलं. शेवटी ठरलं ते असं: वरच्या डोंगरावर कुऱ्हाड बंद, मोहाखाली आग बंद, डोहात जाळं, पावडर, बॅटरीचा करंट सगळं बंद. ओघळीओघळीत दगडांचे बांध घालायचे. राखणीची पाळी घराघराला. दसरी पाळी नसली तरी जायची. दगड वाहून तिच्या खांद्याला घट्टा पडला होता. पाणी पहिल्या साली दिवाळीपर्यंत टिकलं, मग संक्रांतीपर्यंत, मग होळीपर्यंत, आणि टोपली टाकली त्या साली वैशाखातही डोह कमरेच्या वर होता. मध्ये तालुक्याहून एक साहेब आले, भला माणूस, मासोळीचं बी फुकट देतो म्हणाले. दसरीनं पिशवीतली पिल्लं निरखून पाहिली.

"साहेब, हे कोनाचे आजे?" तिनं विचारलं.

साहेब हसले, तिच्या हातचं जेवले आणि पिशव्या घेऊन परत गेले. पुढच्या पावसाळ्यात खालच्या नदीतून मासे आपल्या अंगानं चढून आले तेव्हा दसरी काठावर बसून रडली. गाव तिला इतकं मानायचं की तिच्यासमोर कोणी नाल्यात थुंकतसुद्धा नसे.

त्या दिवशी डोहावरून मी तरातरा घरी आले तर दसरी घरात नाही. लेकीला शेजारी सोडलं आणि डोंगर चढले. ती असणार कुठं ते मला माहीत होतं. अगदी वरच्या बांधावर एकटीच दगड लावत होती, लुगडं अजून ओलं.

"आत्या, मले जाऊ द्यायचं नसन तं तोंडावर सांग," मी म्हणाले. "मेलेल्या लेकाच्या आड कायले लपतेस?"

"हा दगड धर," ती म्हणाली.

मी धरला. एवढ्या रागातही धरला, सवयच तशी लागली होती.

"एकटी पडशील म्हनून भेतेस तू. लेक गेला, सून गेली, नात गेली म्हंजे घरात कोन?"

"भेते तं मी," ती म्हणाली. "पन त्याच्यापायी लेकाले परत पान्यात नाही फेकत."

"तो रैनू नव्हता ना? तूच तं म्हनालीस."

"रैनूच होता." तिनं दगड हलतोय का ते हात लावून पाहिलं. "एका हाकेत आला. लहानपनापासून तसाच, दुसरी हाक माराची गरज नाही पडायची."

तिनं हातातली माती झटकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पावडर त्यानं टाकली, सोमारी."

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती कसल्या पावडरीबद्दल बोलते आहे.

"तू माहेरी बाळंत झाली होतीस. लेक झाली, लेक झाली म्हनून नाचत होता. नाव ठेवायच्या दिवशी साऱ्या गावाले मासोळीचं जेवन घालतो म्हने. पंचायतीच्या खोलीतून डबा आनला. त्याले वाटलं, चार मासे गुंगतील, हातानं उचलता येतील. पहाटे घरी आला तं हाताची कातडी पांढरी पडली होती आन तोंडातून शब्द निघत नव्हता. हात मीच धुतले. डबा मीच पुरला, कोंबड्यांच्या खुराड्याखाली."

त्या नाव ठेवायच्या दिवशी आमच्याकडं मासे नव्हते, डाळभात होता. मला तेवढंच आठवलं.

"रस्त्यावाल्या मजुरांले हाकललं तेव्हा?" मी विचारलं.

"मी तिथंच होते. त्यातल्या एका बाईच्या कडेवर लेकरू होतं. मी मूग गिळून उभी होते."

खाली डोहाचं पाणी दिसत होतं. मग ती म्हणाली, "आज तो आला. त्याले वाजतगाजत घरी न्याचं? पोरं ढोल वाजवतील, दलसू तांदूळ टाकंल. दलसू!"

दलसू कोवे हा खालच्या आळीतला म्हातारा. त्याची बायको फुलो डोह मेला त्याच साली गेली. त्यानं दोन उन्हाळे वाट पाहिली, मग राहवेना म्हणून दूरच्या गावच्या नाल्यावर गेला, तिथल्या लोकांसमोर हात जोडले आणि फुलोच्या नावानं एक खेकडा घेऊन आला. तेव्हापासून तो फारसा बोलत नसे.

"उद्या सभेत सांगनार मी," दसरी म्हणाली.

खरं काय आणि खोटं काय याचा मी विचार केला असेन असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. मला माझी लेक दिसली. पोरं तिला काय म्हणतील ते ऐकू आलं.

"नोको सांगू," मी तिचे हात धरले. "एवढी सालं दगड वाहिलेस ना? फिटलं ते. उद्या पुन्हा टोपली टाकू, येईल तो घेऊ, मी माह्या वाटेनं जाईन. कोनाले कळनार नाही."

"माह्या दगडानं त्याचं कसं फिटंल? आन न सांगता घरी नेला तं तो चोरून आनलेला मानूस. तसा मी नाही आनत."

"लेकीचं नाव निघेल. तिच्या जेवनासाठी पानी मारलं म्हनतील."

दसरीनं हात सोडवून घेतले आणि पुढचा दगड उचलला.

"तिचं नाव मी नाही काढनार," ती शेवटी म्हणाली. "बाकीचं सांगनार."

सकाळी गोटुलात सभा बसली. गोटुल म्हणजे आमचं गावाचं घर, भिंती नसलेलं. दसरी मधोमध उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. पांढरे हात, डबा, कडेवर लेकरू असलेली ती मजूर बाई. जेवण कशासाठी होतं ते तेवढं गाळलं. तिचा आवाज कुठंही कापला नाही.

कोणी ओरडलं नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. मजुरांची पालं उपटण्यात जे पुढं होते, ते दोघं-तिघं जमिनीकडे बघत बसले. महागू गायत्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "रैनूले घरी येऊ द्याचं का? एकेकानं सांगा."

आणि नवल म्हणजे माणसं हो म्हणू लागली. काही लगेच म्हणाली, काही थांबून, काही दसरीच्या खांद्याकडे बघून. तो ‘हो’ एकेक घर ओलांडत माझ्याकडं सरकत होता. मग दलसू आजाची पाळी आली.

"नाही," तो म्हणाला.

गायत्यानं मान हलवली. "कारन सांग, आजा. सांगावं लागते."

"सांगतो. माही फुलो दोन सालं कोरड्यात ताटकळली. मंग मी परक्याच्या नाल्यावर हात जोडले. त्यांनी खेकडा दिला, मी आनला, मडक्यापाशी बसवला. रोज भात दाखवतो." तो थांबला. "पन तिथं फुलो नाही. मले कळते ना, सारा जन्म एका चुलीवर जेवलो आमी. कोनतरी परकं बसलं हाय माह्या घरात. त्याले उठवता येत नाही, आन तिले पुन्हा बोलावता येत नाही, जागा भरली हाय. काल तुमची मानसं आली. मी काठावर बसून ढोल ऐकला. दसरीचा लेक यील, माही बायको नाही येनार. मी हो नाही म्हनत."

दसरी खाली बसली. तिनं त्याच्यापुढं हात जोडले नाहीत. ऊन चढलं. चुली पेटायची वेळ झाली, पण उठलं कोणी नाही. उठायचं नसतंच. लेकरं येऊन आयांच्या मांडीवर झोपली. गोटुलाच्या बाहेर, जांभळीखाली, लालसाय बसला होता. तो दुसऱ्या गावचा, त्याला आत बोलायचा अधिकार नव्हता.

मग मी उभी राहिले. कशी राहिले ते ठाऊक नाही.

"दलसू आजा," मी म्हणाले, "तो पान्यात हाय तोवर मीही पान्यात. तुह्या घरात परकं बसलं, तशी मी त्या घरात बसली हाय, बायको ना विधवा. मी काय केलं?"

"तू काही नाही केलं, पोरी."

"मंग मले कायले बुडवून ठेवता?"

"मी तुले कुठी अडवतो?" म्हातारा चिडला. "तू जाय ना!"

"तिले जाता नाही येत," गायता म्हणाला. "मानूस बसल्याबिगर बायको मोकळी नाही. रीत हाय."

दलसूनं तंबाखूची चिमूट काढली, तळहातावर तशीच धरून ठेवली.

"बसल्याबिगर म्हंजे?" त्यानं विचारलं. "घरातच बसला पायजे का?"

"त्याचं ठिकान ठरलं पायजे. त्याले सांगितलं पायजे, हे तुहं ठिकान."

"तं मंग त्याचं ठिकान डोह." दलसूनं तंबाखू खाली टाकली. "ज्यानं मारलं त्यानं राखावं. आपल्या साऱ्यांच्या राखनीच्या पाळ्या मेल्यावर सरतात. त्याची नाही सरनार. घरात नाही याचं, मडक्यापाशी नाही बसाचं, भात नाही, मान नाही. पानी राखाचं. असं असन तं मी हो म्हनतो. आन ही पोरगी मोकळी."

गोटुलात कुजबुज झाली. कोणी म्हणालं असं कधी झालं नाही, कोणी म्हणालं पाणी मारणारा तरी आधी कुठं झाला होता. गायत्यानं डोळे मिटून विचार केला, आणि पुन्हा एकेकाला विचारत निघाला. हो. हो. हो. सगळे म्हणत गेले आणि राहिलो आम्ही दोघी.

"दसरी?"

"आधी तिचं," दसरी म्हणाली. "त्याची बायको ती हाय."

मला हवं होतं ते मिळालं होतं. एक शब्द बोलायचा होता. पण मला एकदम रैनूच दिसला, लेक पोटात असताना माझ्या पोटाला कान लावून बसलेला, गमतीनं तिच्याशी बोलणारा. या लेकीच्या लग्नात सगळ्या मेलेल्यांना बोलावतील आणि तिच्या बापाला कोणी बोलावणार नाही. घरात नवा भात शिजेल आणि तो बाहेर, पाण्यात, थंडीत, कायमचा. ज्यानं ते केलं तो आनंदानं वेडा झालेला पोरगा होता. आणि दलसूच्या घरात त्याची बायको नव्हती, हेही खरंच. मी दसरीकडे बघितलं. तिनं नाही म्हण असं डोळ्यांनीही सुचवलं नाही, हो म्हण असंही नाही. ती माझी आत्या होती, आणि त्या वेळी मला तिचा फार राग आला, की हे तिनं माझ्यावर टाकलं.

"हो," मी म्हणाले.

"हो," दसरी लगेच म्हणाली, माझा शब्द पुरा व्हायच्या आत, जणू तिला मला त्यात एकटं ठेवायचं नव्हतं.

दुपारी डोहावर गेलो. ढोल नव्हता, टोपली नव्हती. गायत्यानं तांदूळ टाकले आणि बाजूला झाला. दसरी पाण्यात उतरली, छातीपर्यंत गेली. मी काठावर लेकीचा हात धरून उभी होते. दलसू आजाही आला होता, जरा लांब दगडावर बसला होता.

"रैनू!" तिनं हाक मारली. "रैनू रे!"

पाणी हललं. काही हललं असेलच, डोहात आता मासे पुष्कळ होते.

"इथंच राय, बापा," दसरी म्हणाली. "घरी येऊ नोको. मी बोलावलं तरी येऊ नोको."

ती तशीच पाण्यात उभी राहिली, हात पाण्यावर पसरून. शेवटी दलसू उठला, धोतर वर खोचून पाण्यात उतरला आणि तिच्या दंडाला धरून तिला बाहेर घेऊन आला.

आता माझी लेक माझ्या तेव्हाच्या वयाची झाली आहे. तिच्या लग्नाचं बोलणं सुरू आहे आणि मला ते दिवस राहून राहून आठवतात. सगळ्यात जास्त आठवते ती निघायची सकाळ.

हिरडीटोल्याची वाट डोहाच्या वरच्या अंगाला येरी ओलांडते. तिथं पाणी पोटरीइतकं. लालसायनं लेकीला खांद्यावर घेतलं, गाठोडं काखेत मारलं आणि तो पलीकडे पोचलासुद्धा. दसरी आमच्याबरोबर काठापर्यंत आली होती. लेकीला पोटाशी धरून झालं होतं, माझ्या ओटीत भात आणि हळकुंड घालून झालं होतं. मी तिच्या पाया पडले. तिनं माझ्या हातातल्या रैनूच्या नावाच्या जुन्या बांगड्या एकेक करून काढून घेतल्या, पदराच्या टोकात बांधल्या आणि म्हणाली, "जाय."

मी पाण्यात शिरले. मध्यावर आले आणि पायांना गुदगुल्या झाल्या. कोतरीची पिल्लं, शेकड्यांनी, टाचांना, घोट्यांना, बोटांच्या बेचक्यांत तोंड लावत होती. त्यांना कशाचीच भीती नव्हती. इतक्या वर्षांत त्यांना कोणी मारलंच नव्हतं.

"देखून पाय टाक, सोमारी," मागून दसरीनं सांगितलं.

पाणी ओलांडणाऱ्या कुठल्याही सुनेला सासू सांगते तेच. मी खाली पाहिलं. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे मोजता आले असते, आणि माझ्या पायांभोवती मासेच मासे, सगळे एकसारखे, शेपटीपाशी काळा ठिपका. पलीकडून लेक मला हाका मारत होती. मी पाऊल उचललं, पण ते टेकवायला जागा सापडेना.